केळदच्या कड्यापर्यंत, चिमीच्या चालीनं

शनिवार, रात्र

रात्री सव्वानऊला सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. उद्या सकाळी आठपासून आपल्या विंगच्या बाहेरच्या भिंती मशीननं घासायचं काम सुरू होईल, खिडक्या बंद ठेवाव्यात. महिन्यापूर्वी हेच मशीन समोरच्या इमारतीला लागलं होतं, तेव्हा आमची कुत्री चिमी दोन दिवस न्हाणीघरात बादलीच्या मागे अंग चोरून बसली होती. पाणीसुद्धा तिथंच नेऊन द्यावं लागलं. आता तर ते आमच्याच भिंतीला लागणार. आईनं निरोप वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "हिला घेऊन उद्या कुठंतरी जा. कुठंही जा, पण दिवे लागायच्या आत आणू नकोस."

चिमी अकरा वर्षांची आहे. गावठी, पांढरी, पाठीवर गुळाच्या रंगाचा एक डाग. सिंहगड रस्त्यावरच्या एका बांधकामावर वाळूच्या ढिगाशी सापडली तेव्हा माझ्या ओंजळीत मावत होती. गेल्या वर्षी तिच्या मागच्या पायांत संधिवात शिरला. सकाळी उठताना दोन-तीनदा प्रयत्न करते तेव्हा कुठं उभी राहते, आणि जिना मी तिला उचलून उतरवते. दसरा होऊन गेला होता, कोजागरीचं दूधही पिऊन झालं होतं, दिवाळी दहा-बारा दिवसांवर आलेली. म्हणजे फटाके पुढ्यातच. त्याआधी तिला एक दिवस तरी शांततेचा मिळावा, असं मला फार वाटत होतं.

मी कर्वेनगरला धाकट्या बहिणीला फोन लावला. तिच्याकडे गोंद्या आहे, दोन वर्षांचा कारवान. आपल्याकडे कारवान म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. टपाल खात्यानं 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. लांब पाय, खोल छाती, पोट आत गेलेलं. आधी डोळा जातो आणि डोळ्यामागून कुत्रा जातो, अशी ती जात.

"ताई, प्लस व्हॅली!" ती लगेच म्हणाली. एकमेकींना छेदणाऱ्या, अधिकच्या चिन्हासारख्या दिसणाऱ्या त्या दऱ्यांचे फोटो तिनं किती दिवस जपून ठेवले होते. पण त्या दऱ्या ताम्हिणीत, आणि ताम्हिणी 2013 पासून अभयारण्य आहे, तिथं कुत्री न्यायची नाहीत. सांदण दरीचंही तेच, ती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येते. हा नियम मला मनापासून पटतो. पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग कोल्ह्या-खोकडांपर्यंत जातात. आणि रोग नसला तरी आपलं जनावर जिथं जिथं मुततं तिथं त्याचा वास मागं राहतो. भेकरासारख्या भित्र्या प्राण्याला तो वास म्हणजे शिकारी येऊन गेल्याची खूण. आपण चार फोटो घेऊन घरी येतो, त्याला मात्र तिथंच राहायचं असतं.

"मग मढे घाट," मी म्हटलं. तो वेल्ह्याच्या पुढं केळद गावाजवळ, या दोन्ही अभयारण्यांत येत नाही, शिवाय गाडी कड्याच्या बरीच जवळ जाते. चिमीला तेवढंच झेपणार होतं.

साडेदहापर्यंत पिशवी भरली. पाच-पाच मीटरच्या दोन दोऱ्या, छातीचे पट्टे, दहा लिटर पाणी, पसरट डबा, दोन जुने पंचे, चिमटा, जखमेचं औषध, चिमीच्या सांध्यांची गोळी आणि कचरा भरायला तांदळाची दोन रिकामी पोती. कुत्र्यांचा उकडलेला भात-अंडं वेगळ्या डब्यात. तो तिथं पोहोचल्यावर आणि थोडाच द्यायचा. गोंद्यासारख्या खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ पडायची भीती असते, आणि तसं झालं तर लगेच दवाखाना गाठावा लागतो, ते तर कुठूनही अवघड. केळदहून तर नाहीच नाही.

रविवार

सव्वापाचला निघालो. सिंहगड रस्त्यावरून वेल्ह्याला जायला खरं तर पाबे घाट जवळचा. खडकवासला, खानापूर आणि वर. पण त्या वळणांवर गोंद्याला ओकारी होते, म्हणून नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर असा सरळ हायवे घेतला. चिमी मागच्या सीटवर, माझ्या जुन्या साडीच्या चौघडीवर. गोंद्या तिच्या शेजारी, बहिणीच्या मांडीत तोंड घालून. चेलाडी फाट्याला हायवे सोडला आणि नसरापूर मागं टाकलं तेव्हा उजाडायला लागलं होतं.

आणि मग धुकं. ऑक्टोबरात दिवसा घामाच्या धारा लागतात, पण पहाटे या खोऱ्यांत अशी थंडी साठून राहते की धुकं शेताच्या बांधाएवढंच उंच असतं. वर आभाळ स्वच्छ, मधे झाडांचे शेंडे आणि खाली काही नाही. मार्गासनीच्या पुढं मी काच चार बोटं खाली केली. दोन्ही कुत्री झोपेतून उठली. गोंद्या खिडकीबाहेर बघू लागला, चिमीनं मात्र डोळे मिटूनच घेतले आणि नाक वर केलं. पिकलेल्या भाताचा वास येत होता. इंद्रायणी असेल, कारण मलाही येत होता. तिला तर त्यात अजून काय काय मिळालं असेल. ओलं शेण, रात्री रस्ता ओलांडून गेलेलं काहीतरी, कुठंतरी पेटलेली चूल. तिची नाकपुडी इतक्या वेगानं हलत होती की मी आरशातून तिच्याकडेच बघत राहिले आणि बहिणीला मला म्हणावं लागलं, "ताई, रस्ता."

वेल्ह्यात चहा घेतला. समोर तोरणा. 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. पण वेल्ह्यातून तो उंच वाटतो त्यापेक्षा रुंद वाटतो, गावावर पंख पसरून बसल्यासारखा. चहावाल्या काकांनी चिमीला बिस्कीट काढलं. मी नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं, म्हणून अर्धं घेतलं. वेल्ह्याच्या पुढं रस्ता अरुंद होतो, पासली येते, मग केळदची खिंड. खिंड उतरलो की दुसरं जग लागतं. भाताचे तुकडे पायऱ्यांसारखे खाली गेलेले, काही कापून पेंढ्या आडव्या घातलेले, काही अजून उभे. माळावर सोनकी. पिवळी म्हणजे किती पिवळी! ऊन वर आलं नव्हतं तरी माळ स्वतःच उजळल्यासारखा वाटत होता.

केळदमध्ये एका घरी दुपारच्या जेवणाचं सांगून ठेवलं. वहिनींनी विचारलं, "किती मान्सं?" बहीण म्हणाली, "दोन माणसं आणि दोन कुत्री." वहिनी सहज म्हणाल्या, "मग भाकरी चार जास्त टाकते."

आठ वाजता गाडी लावून चालायला लागलो. गोंद्या दोरीच्या टोकाला, चिमी माझ्या गुडघ्याशी. इथपासून कडा निरोगी माणसाला फार तर वीस मिनिटांचा. आम्हाला तास लागला.

चिमी थांबत होती. दुखतंय म्हणून थांबते की काय, म्हणून मी दोनदा वाकून तिचे मागचे पाय चाचपले. पाय ठीक होते. ती वाचत होती. पायवाटेच्या कडेला एक तेरड्याचं झुडूप, त्याच्या बुडाशी तिनं पूर्ण मिनिटभर नाक लावलं. मग चार पावलं, मग एक दगड. मग वळून पुन्हा त्याच तेरड्याकडे, जणू मधलं एखादं वाक्य सुटलं होतं. घरी रोजच्या फिरण्यात मी नकळत दोरी ओढते, कारण मला ऑफिस असतं. त्या दिवशी मी दोरी ओढायची नाही असं ठरवलं आणि तास गेला तर गेला. बहीण आणि गोंद्या पुढं जाऊन परत यायचे, पुन्हा पुढं जायचे.

कारवीच्या जाळीशी चिमी एकदम ताठ झाली. कान पुढं, शेपूट सरळ. फुलं नव्हती. कारवी दर 7 वर्षांनी फुलते आणि ही जाळी अजून आपल्या पाळीची वाट बघत होती. चिमीनं पाचोळ्यात पंजा घातला, एकदा, दोनदा, आणि मागं सरून माझ्याकडे बघितलं. खाली साळिंदराचा काटा होता. वीतभर लांब, पांढरा-काळा-पांढरा, बुडाशी जरासा पोकळ, टोक इतकं टणक की बोटावर नुसतं टेकवलं तरी टोचलं. तो काटा मी रस्त्याने दहा वेळा गेले असते तरी मला दिसला नसता. मी तिला तो हुंगायला दिला. तिनं वास घेतला, शिंकली आणि चालू लागली. काटा मी तिथंच पाचोळ्यात परत ठेवला.

मग पाण्याचा आवाज आला आणि कातळ लागला.

पावसाळ्यात इथं लक्ष्मी धबधब्याला गर्दी लोटते. ऑक्टोबरात ओढा पोटरीएवढा उरतो, सपाट काळ्या कातळावरून पसरत येतो, दोन-तीन कुंडांत थांबतो, आणि मग कड्याच्या ओठावरून नाहीसा होतो. पुढं जमीनच नाही. मी बहिणीला आधीच बजावून ठेवलं होतं की ओठापासून चाळीस पावलांच्या आत दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन धरायची, आणि पाच मीटरची दोरी एका मीटरवर आणायची. शेवाळ वाळलेलं दिसतं, तरी त्याच्या खालचा कातळ निसरडा असतो. कुत्र्याला आपल्या चार पायांवर आपल्यापेक्षा जास्त भरवसा असतो आणि त्या भरवशापायीच कुत्री जातात. एखादी पाकोळी ओठाशी खाली सूर मारते, कारवानाचा डोळा तिच्यामागं जातो, संपलं. गोंद्याला आम्ही कड्यापासून लांब, एका उंबराच्या बुंध्याला बांधला. तो रडला. मग पंज्यांवर तोंड ठेवून बसला.

मी पोटावर पडून, कोपरांवर सरकत ओठापर्यंत गेले. चिमी बहिणीकडे.

खाली जे दिसलं ते सांगायला मला वेळ लागणार आहे. कड्याची भिंत एकसंध नाही, ती थरांची आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. प्रत्येक वाहण्याचा एक थर. काळा टणक थर सरळ उभा राहतो, त्याच्या खालचा भुसभुशीत थर झिजून आत जातो. म्हणून भिंतीला आडव्या पट्ट्या पडल्यात. पट्ट्यांवर गवत, गवतावर पिवळे ठिपके. मधे एके ठिकाणी विटकरी रंगाची बारीक रेघ जाते. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा पापुद्रा हवा-पाण्यानं झिजून माती झाला होता, त्या मातीवर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून तशीच दबली. म्हणजे मधे किती काळ शांतता होती बघा, माती तयार व्हायला लागते तेवढी. ओढ्यानं या सगळ्या थरांना वरून खालपर्यंत चिरत घळ पाडली आहे. समोरच्या भिंतीवर ऊन होतं, आमच्या भिंतीची सावली घळीच्या तळात. त्या सावलीत पाण्याचा आवाज होता, पाणी दिसत नव्हतं.

बहीण याला कॅन्यन म्हणत होती. म्हणू दे. पण आपल्याकडे घळ आहे, नाळ आहे, दरी आहे, खोरं आहे, आणि प्रत्येक शब्दाचा आकार वेगळा आहे. इथून उतरून गेलं की पायथ्याच्या बाजूला समर्थ रामदासांची शिवथरघळ. तिच्या नावातच तो शब्द आहे.

आणखी एक गोष्ट मला इथं दर वेळी थांबवते. मागं वळून पाहिलं की वेल्ह्याकडचं सगळं पाणी पूर्वेला निघालेलं असतं. ते भीमेत, कृष्णेत, बंगालच्या उपसागरात जातं. आणि आमच्या पायाखालचा हा ओढा ओठावरून पडतो तो सावित्रीच्या खोऱ्यात आणि अरबी समुद्रात. मधे एक खिंड, एवढाच फरक.

वायव्येला धुरकट निळ्यात रायगडाचा माथा दिसला. याच घाटानं तानाजी मालुसऱ्यांचा देह उमरठला नेला असं इथं सांगतात, म्हणून मढे घाट. फेब्रुवारी 1670. सिंहगडाहून इथवर, आणि इथून ही वाट उतरून. मी ती वाट बघितली. धबधब्याच्या बाजूनं झाडीत शिरते, दगडांची, उतरती. खांद्यावर आपला माणूस घेऊन ते लोक ती वाट कशी उतरले असतील, या विचारानं माझ्या पोटात कालवलं.

बहिणीच्या मनात ती वाट थोडी उतरायची होती. खाली कर्णवाडी लागते, तिथवर नाही, पण पहिल्या वळणापर्यंत तरी. चिमी वाटेच्या तोंडाशी आली. पहिला दगड गुडघ्याएवढा उंच होता. तिनं पुढचे दोन्ही पाय त्यावर खाली टेकवले, मागचे उचलायला गेली आणि थांबली. पुढचे पाय परत वर घेतले आणि बसली. माझ्याकडे बघितलं नाही, दरीकडे बघत बसली. मी तिला उचलून नेलं असतं, चौदा किलो आहे फक्त. पण त्या बसण्यात एवढी स्वच्छ समज होती की मी तिच्याशेजारी बसले. बहीणही दोन मिनिटं उभी राहिली आणि मग गोंद्याला सोडून घेऊन आली. आम्ही चौघं वर, झाडाच्या सावलीत, नऊ ते बारा तिथंच होतो.

समोरच्या कड्याला आग्या मोहोळ होतं, एक मोठं, काळपट, मधेच लाटेसारखं हलणारं. तिथं पंधरा-वीस जणांचा एक घोळका आला आणि स्पीकर लावला. बहीण उठून गेली, त्यांना मोहोळ दाखवलं, म्हणाली, "दादा, या माश्या उठल्या तर आपण पळू, आमची कुत्री बांधलेली आहेत." त्यांनी लगेच बंद केला. मला त्या मुलांबद्दल चांगलं वाटलं. कातळावरच्या काचांबद्दल मात्र नाही. कुंडाच्या कडेला फुटलेल्या बाटल्यांची हिरवी-तपकिरी काच होती, काही तुकडे पाण्यात. पाण्यातली काच दिसत नाही. तिथं गुरं पाणी प्यायला येतात, पोरं अनवाणी येतात. आम्ही हाताला लागली तेवढी वेचली. एक पोतं निम्मं भरलं. हे लिहितानाही मला राग येतोय.

अकराच्या सुमारास म्हशी आल्या, आणि म्हशींमागं एक आजी. धनगरवाड्यावरच्या. हातात काठी, खांद्यावर घोंगडं, पायाशी एक तांबडा कुत्रा. मी गोंद्याला जवळ ओढलं. तांबड्यानं लांबून एकदा बघितलं, आमच्यात आणि म्हशींत येऊन आडवा उभा राहिला आणि मग बसला. हद्द सांगून झाली होती. चिमीनं मान बाजूला वळवली आणि जमीन हुंगायला लागली. कुत्र्यांच्या भाषेत तो नमस्कार असतो.

आजींनी चिमीकडे निरखून बघितलं. "म्हातारी हाय व्हय गं ही?"

"अकरा वर्षांची."

"अकरा!" त्या तिथंच टेकल्या. "आमच्यात एवढं जगत न्हाई कुत्रं. पारसाली एक न्हेलं वाघानं, अंगनातनं." वाघ म्हणजे बिबट्या. "आता ह्याला रातचं आत घेतो. दार लावलं की दाराशी पडतो, मी आत, त्यो आत."

मग त्यांनी आमच्या दोऱ्यांकडे हात केला. "बांदून ठिवता ते बरं करता. शेरातली लोकं सोडत्यात. एकाचं गेलं व्हळात." व्हळ म्हणजे तो ओढा. हे सांगताना त्यांनी काठीनं कड्याचा ओठ दाखवला आणि काठी खाली ठेवली.

चिमी कातळावर अवघडून बसली होती, मागचा एक पाय बाजूला टाकून. आजींनी खांद्यावरचं घोंगडं उतरवलं. एका बाजूनं फाटलेलं, कडेचे दोरे सुटलेले. ते त्यांनी चौपदरी केलं, कातळावर टाकलं आणि जिभेनं "च्, च्" केलं. चिमी अनोळखी माणसाकडे जात नाही. ती उठली, घोंगड्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, वास घेतला आणि त्यावर अंग टाकलं. एक लांब श्वास सोडला. तो श्वास मला ओळखीचा आहे, दुखणं थांबलं की येतो.

"वाताला घोंगडं बरं," आजी म्हणाल्या.

बारानंतर ऊन खायला उठलं. ऑक्टोबरातलं ऊन फसवं, हवा गार आणि कातळ तापलेला. मी हाताचा पालथा पंजा कातळावर टेकवून मोजले, सहावर हात उचलावा लागला. म्हणजे कुत्र्यांचे पाय भाजणार. पंचे ओले करून दोघांच्या पोटाखाली आणि जांघेत लावले, कारण तिथं केस विरळ असतात आणि ओल कातडीपर्यंत पोहोचते. पाणी पाजलं ते आमच्याच कॅनमधलं. साठलेल्या डबक्यातून गुरांचं, उंदीर-घुशींचं मूत उतरलेलं असतं, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा आजार तिथूनच येतो. दोघांना लस दिलेली आहे, तरीही.

परतताना कातळ टाळायचा म्हणून माळावरच्या गवतातून आलो, आणि तिथं माझी चूक झाली. गवताला कुसळं धरली होती. पन्नास पावलं गेलो असू, गोंद्यानं उजवा पुढचा पाय उचलला. मग तीन पायांवर थांबला आणि पंजा चाटायला लागला, चाटायला काय, कुरतडायलाच लागला. बहिणीचा चेहरा उतरला. बांधावर बसून तिनं त्याचं डोकं काखेत धरलं, मी पंजा उजेडाकडे वळवला.

दोन बोटांच्या मधल्या कातडीत एक काळा केस दिसत होता. केस नव्हता, कुसळाची शेपटी होती. कुसळ म्हणजे बी, पुढं सुईसारखं टोक, टोकामागं उलटी लव, आणि मागं पीळ घातलेली लांब शेपटी. शेपटीला ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की बसतो, आणि त्या फिरण्यानं टोक आत आत शिरतं. जमिनीत रुजायची त्याची ती रीत आहे. पण कातडी आणि जमीन यांतला फरक त्याला कळत नाही, आणि गोंद्या चाटून चाटून त्याला ओलच देत होता. उलट्या लवेमुळं ते मागं येत नाही. मी पंचा कोरडा करून बोटं पुसली, चिमटा अगदी कातडीला टेकवला आणि शिरलं होतं त्याच कोनात ओढलं. पहिल्यांदा शेपटी तुटली. गोंद्या किंचाळला. दुसऱ्यांदा मी श्वास धरला, चिमटा आणखी खाली नेला आणि हळू, फार हळू ओढत राहिले. ते आलं, टोकाला रक्ताचा ठिपका. पण टोक पूर्ण आलं की नाही याची मला खात्री वाटेना. जखम धुतली, औषध लावलं, पंचा बांधला, आणि बारीक कमरेच्या पण पंचवीस किलोच्या गोंद्याला बहिणीनं गाडीपर्यंत कडेवर आणलं. चिमी त्याच्या लोंबत्या पंजाखालून, वर बघत बघत चालत होती.

केळदमध्ये पिठलं, तांदळाची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, वर घरचं तूप. वहिनींनी कुत्र्यांना भाकरी ताकात कुस्करून दिली, बिनमिठाची, मी न सांगता. गोंद्यानं दुखऱ्या पायासकट सगळं चाटून पुसून खाल्लं. आम्हीही तेच केलं.

साडेतीनला निघालो. जाताना रस्त्यात आजी पुन्हा भेटल्या, म्हशी वळवत होत्या. गाडी थांबवून मी घोंगडं परत द्यायला उतरले, कारण ते चिमीच्या अंगाखालून काढायला मला तिथं जमलं नव्हतं आणि त्याही म्हणाल्या होत्या की न्या वाडीपर्यंत. त्यांनी हात मागं घेतले. "ऱ्हाऊ दे तिला. माज्याकडं दुसरं हाय." मी पैसे काढले तर त्यांचा चेहरा कडक झाला. मग मी पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीतून दुसरा हात चिमीच्या डोक्यावर.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रविवारची रांग. घरी पोहोचायला साडेसात झाले. मशीन बंद होतं.

सोमवार

सकाळी बहीण गोंद्याला घेऊन दवाखान्यात गेली. टोक राहिलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. डॉक्टरांनी थोडी जागा बधिर करून काढलं, आणि ते वर सरकून पोटरीपर्यंत गेलं असतं तर काय झालं असतं तेही सांगितलं. सात दिवस गोळ्या. आता पावसाळ्यानंतर गवतातून जायचं तर बोटांमधले केस कापून आणि पायमोजे घालून जायचं, किंवा जायचंच नाही.

मी चिमीच्या गोचिडी बघितल्या. कानाची घडी, गळ्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी, बोटं उलट्या केसांतून फिरवत. चार निघाल्या. चिमट्यानं कातडीजवळ धरायची, सरळ वर ओढायची, रॉकेल लावायचं नाही, जाळायची नाही, नखावर चिरडायची तर मुळीच नाही. चारही साबणाच्या पाण्यात बुडवल्या. पुढचे पंधरा दिवस तिचं खाणं आणि ताप बघायचा, कारण गोचीड ताप उशिरा डोकं वर काढतो.

आठ वाजता मशीन लागलं. भिंत थरथरली, भांड्यांच्या फळीवरचा डबा वाजायला लागला. मी न्हाणीघराचं दार उघडं ठेवलं, बादली बाजूला केली. चिमी उठली, दोन प्रयत्नांत. हॉलमधून न्हाणीघराच्या दारापर्यंत गेली, आत बघितलं, वळली आणि परत येऊन घोंगड्यावर बसली. तोंड त्याच्या फाटक्या घडीत खुपसलं. अंग कापत होतं, पण ती तिथंच राहिली.

घोंगड्याला म्हशीचा, धुराचा, आजींचा वास आहे. सगळ्या घरात तो पसरलाय. दुपारी आईनं विचारलं, "धुऊन टाकू का गं हे?"

"नको," मी म्हटलं. "दिवाळी होऊ दे."